विरजण कुठलं?

१९ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार

आज चौथा दिवस. बायको चहाला तोंड लावत नाही! बशीत ओतून पुढं ठेवला तर भिंतीकडं तोंड करून बसली. चहा गार झाला, वर साय धरली. मग मीच प्यालो.

रेडकू मी मारलं का? पंधरा दिवसांचं होतं. टँकर नऊ दिवसांनी आला. म्हशीलाच पाणी पुरेना, तिथं रेडकाला काय पाजू? जळकोटात यंदा कुणाची जनावरं गेली नाहीत? म्हैस नुसती हंबरत होती, कासेला हात लावू देईना. मग सगळे करतात तेच मी केलं. माणूस बोलावून रेडकाचं कातडं काढलं, मीठ चोळलं, आत कडबा भरला, चार काठ्यांवर उभं केलं आणि म्हशीपुढं ठेवलं. तिनं वास घेतला, चाटलं, पान्हा सोडला. चरवी भरली. यात पाप कसलं?

गौरम्मा दारात उभी होती. चरवी घ्यायला तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "आजपासून मला दूध नको. दही नको, ताक नको, तूप नको." एवढंच. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं लांब ती माझ्याशी कधी बोलली नव्हती — आणि बोलली ते हे!

त्यानंतर बोलणंच बंद.

२२ फेब्रुवारी, सोमवार

दह्याचं मडकं पालथं घालून ठेवलंय. म्हणजे मलाही दही नाही. दूध मी हॉटेलात घालतो, घरचं स्वतः तापवतो. दोनदा उतू गेलं. दुपारी भाकरी, कारळाची चटणी, वर तेल. म्हटलं, तूप कुठाय? फळीकडं बोट केलं. तूप आहे, पण ती हात लावणार नाही. विटाळ झाल्यासारखं!

शेजारची शांतम्मा भिंतीवरून डोकावली. "मामा, मामीनं सन्यास घेतला म्हनं? दुधाचा का तुमचा?" दात काढून हसली. हिच्या घरात सासू-सुनांच्या दोन चुली हायत, ते आधी बघावं.

मला माहीत आहे, हे सगळं मला जाळायला चाललंय.

२७ फेब्रुवारी, शनिवार

टँकर आला. पळाली. या वयात! मी जातो म्हणालो होतो, पण बोलतच नाही तर ऐकणार कशी? घागरीसकट पडली. उजवं मनगट मोडलं. उदगीरला नेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाला, "हाडं भुसभुशीत झालीत. रोज दोन वेळा दूध द्या." मी हिच्याकडं पाहिलं. ही डॉक्टरला म्हणाली, "न्हाई."

डॉक्टरला न्हाई म्हणती!

प्लास्टर सहा आठवडे. एसटीत बसल्याबसल्या मी बोटांवर आठवडे मोजले. रांधणार कोण?

२८ फेब्रुवारी

शांतम्मानं वरण-भात पाठवला. वर तुपाची धार. हिनं ताट हुंगलं आणि सरकवलं. मी ओरडलो. तूप बाजूला काढलं तरी नाही. दोन केळी खाऊन निजली.

जगदेवीला फोन केला. एकुलती लेक, हिमायतनगरला दिलेली, तिथंच शाळेवर आहे. वाटलं, धावत येईल. म्हणाली, "परीक्षा तोंडावर आल्यात, आप्पा. तुम्हीच करा की. ठेचा-भाकरी काय दुधाची असती का?" लेक आहे का वैरी!

१ मार्च, मंगळवार

पहिली भाकरी. महाराष्ट्राचा नकाशा झाला, त्यातला मराठवाडा तुटून चुलीत पडला. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी जाड, मधे कच्ची. बोटं भाजली ती वेगळीच.

ही खांबाला टेकून बघत होती. तोंडातून शब्द नाही, नुसतं "च्च". एक "च्च" म्हणजे पाणी जास्त, दोन म्हणजे जाळ जास्त. बहात्तर वर्षांच्या माणसाला बैलासारखं हाकून राहिली! मी म्हटलं, बोलायचं असेल तर नीट बोल. पुन्हा "च्च".

तिसऱ्या भाकरीचा कड तेवढा तिनं ठेच्याशी खाल्ला. मधला मऊ भाग माझ्याकडं सारला.

३ मार्च

शिवलीलाचा फोन. जगदेवीची पोरगी, पुण्यात शिकते. हसत सुटली, "तात्या, आजी व्हीगन झाली!" म्हटलं, हा कुठला नवीन पंथ? म्हणे, जे लोक जनावराचं काहीच खात नाहीत ते. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. पुण्यात लई हायत म्हणे. मोठमोठ्या नोकऱ्या करतात.

मी म्हटलं, पुण्याला नळाला पाणी आहे, त्यांनी काहीही व्हावं. इथं तुझ्या आजीचं हाड मोडलंय. तर म्हणाली, "तीळ द्या, नाचणी द्या. शेंगदाण्याचं दूध काढा. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या." मी चौथी नापास माणूस. पानभर लिहून घेतलं. लिहिताना लाज वाटली.

७ मार्च, महाशिवरात्र

आज कडेलोट झाला.

मी लिंगाला दुधाचा अभिषेक केला. आमच्याकडं बापजाद्यापासून आहे. हिनं आपलं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं — उजवा गळ्यात बांधलेला — ते मला धरायला दिलं आणि तांब्यातलं चमचाभर पाणी वरून सोडलं. नुसतं पाणी! म्हटलं, आजच्या दिवशी तरी? वर्षातून एकदा? मी माझ्या पूजेचं तीर्थ पुढं केलं. त्यात दूध होतं. तिनं हात मागं घेतला.

देवाच्या तीर्थाला नाही म्हटलं! मी घरभर नाचलो. तोंडाला येईल ते बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. तिनं लिंग गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि खजूर खात बसली.

गोठ्यातून म्हैस ते कातडं चाटत असल्याचा आवाज येत होता. खर्र खर्र. तोही आता माझ्या डोक्यात बसलाय.

१० मार्च

शेंगदाण्याचं दूध. आठ तास भिजवा, साल काढा, मिक्सरला वाटा, फडक्यातून पिळा. शिवलीला असं सांगते जणू फडकं आपणहून पिळून निघतं! वीज गेली. मग पाट्यावर वाटलं. कंबर मोडली.

एवढ्यात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'वाले सह्या घ्यायला आले. रेवणसिद्ध, ज्याला स्वतःच्या ओसरीतला उंदीर धरता येत नाही तो, म्हणतो, "आप्पा, जिल्हा झाला की जळकोटचं नशीब उघडंल." म्हटलं, जिल्ह्याच्या कचेरीतून पाणी पडणार का? हात चिकट होते, तसाच अंगठा उमटवला. "आप्पा, तुम्ही तर शिकलेले!" म्हणून खिदळत गेले.

दूध चहात घातलं. फाटलं. दुसऱ्यांदा चहा खाली उतरवून मग घातलं. फाटलं नाही. तिच्यापुढं ठेवला.

प्याली! अर्धी बशी. तोंड वाकडं केलं, पण प्याली.

मी चव घेतली. चहा नाही, शेंगदाण्याचा काढा. पण ते सोडा.

१४ मार्च

तीळकूट. भाजताना करपलं. दुसरं बरं झालं. नाचणीची आंबील केली, आंबट नाही म्हणून तिनं ठेवून दिली. आंबिलीला ताक लागतंच. ताकाशिवाय आंबील म्हणजे खळ!

माझं वजन घटलंय. कुणी विचारत नाही.

१९ मार्च, शनिवार

शिवलीला म्हणते, शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागतं. कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे, रात्रभर झाकून ठेवायचं. देठाचं दही! दोनदा केलं. एकदा वास मारला, एकदा नुसतं पाणी वर आणि चोथा खाली.

हिला आंबील आवडते. उन्हाळ्यात दुसरं काही उतरत नाही तिच्या घशाखाली. बांगड्या कोपरापर्यंत वर जातात आता.

२० मार्च

दही लागलं! घट्ट. सुरी फिरली असती. आंबील केली, कांदा घातला, जिरं घातलं. तिनं वाटी नाकाशी नेली. आणि बोलली. सव्वा महिन्यानं.

"विरजण कुठलं?"

"देठाचं," मी म्हणालो.

दोन वाट्या प्याली. मग भिंतीला टेकून डोळे मिटले. चेहऱ्यावर जरा पाणी आल्यासारखं वाटलं.

इथं खरं लिहितो, हे कुणी वाचत नाही. सकाळी शांतम्माकडून चमचाभर विरजण आणलं होतं. चमचाभर! बाकी सगळं शेंगदाण्याचंच. दही विरजणाशिवाय लागतं हे आमच्या कुणाच्या बापानं ऐकलंय का? एका चमच्यानं काय होतं? हाडं कुणाची मोडलीत? मी तिच्या बऱ्यासाठीच केलं.

२१ मार्च

त्या शांतम्माच्या जिभेला हाड नाही. मी परसात भांडी घासत होतो — होय, मीच — आणि ती भिंतीवरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "मामा! कालचं विरजण लागलं का चांगलं? माझं विरजण लई कडक असतंय!"

गौरम्मा दारात होती.

ती तशीच वळली. आत गेली. मोरीत बसून दोन बोटं घशात घातली. काल प्यालेलं आज कुठून निघणार? नुसत्या कळा. मी बाहेर उभा. दार लोटलेलं.

मग डाव्या हातानं फोन लावून जगदेवीला म्हणाली, मला ऐकू येईल असं, "बसवजयंतीला ये. मला न्यायला ये. कायमची."

२५ मार्च

माझ्या हातचं काही खात नाही. पाणीसुद्धा स्वतः ओतून घेते. चुरमुरे, केळी, गूळ-शेंगदाणे. चुरमुऱ्यांची पुडीसुद्धा समोर फोडायला लावते. चोर झालो मी या घरात!

जगदेवीला म्हटलं, समजाव तिला. ती म्हणाली, "तुम्ही आईशी खोटं बोललात, आप्पा." एका चमच्यासाठी माझं सगळं आयुष्य खोटं!

जाऊ दे. जा म्हणावं हिमायतनगरला. तिथं तरी कुठं नद्या वाहतायत?

२८ मार्च

जाऊ दे म्हणून लिहिलं, पण ती गेल्यावर दार कोण लावणार, कडी मला नीट लागत नाही.

८ एप्रिल, गुढीपाडवा

कातड्याला मुंग्या लागल्या. पोटाची शिवण उसवली, कडबा बाहेर आला. म्हैस तरी चाटतेच. सकाळी मी ते उचललं. हलकं होतं, पाटीएवढं. ओढ्याकडेच्या बाभळीखाली खड्डा खणून पुरलं. जमीन दगडासारखी. दोन तास लागले. घरी आलो तेव्हा ही ओसरीवर उभी होती, माझ्या पायांची माती बघत.

म्हटलं, "झालं समाधान? आता म्हैस आटणार. बस आता!"

सणाला पुरणपोळी नाही, काही नाही. शेजारी तुपाचा वास.

११ एप्रिल

म्हैस आटली. हॉटेलवाल्याला सांगितलं. म्हशीला चारा छावणीत पाठवलं. गोठा मोकळा. प्लास्टरही निघालं, पण तिच्या मनगटात जोर नाही, पीठ मळता येत नाही.

आता माझ्या घरात दुधाचा थेंब नाही. विष्णूला क्षीरसागर, आणि मला, शिवप्पाला, हे व्रत!

१३ एप्रिल

गावभर एकच बोलणं, लातूरला रेल्वेनं पाणी आलं. लोक रेल्वे बघायला गेले म्हणे, हार घेऊन. इथं टँकर सात दिवसांनी.

मकसूदच्या बेकरीत गेलो होतो. गौरम्मा पूर्वी आजारपणात त्याच्याकडचाच केक खायची, चहात बुडवून. विचारलं, बाबा, दुधाशिवाय केक होतो का? तो हसायला लागला. "क्या आप्पा, दूध डालता कौन है? दुष्काळात मी अंडं पण कमी करून राहिलो. तेल, साखर, सोडा. बस!" मग भट्टीकडं तोंड करून कामगाराला म्हणतो, "आप्पा अब बेकरी डालते! अपनी तो गयी!" सगळे हसले.

म्हटलं, तुझ्या डब्यांना अंडं लागलेलं असतंय. मला घरी करायचंय. तेव्हा हसणं थांबवलं. म्हणाला, "घरात कुकर हाय? बसा मग." खरं सांगायचं तर नीट सांगितलं. कुकरमधे मीठ पसरायचं, वर लोखंडी रिंग, रिंगवर डबा. शिट्टी काढायची, रबर काढायचं. पाणी टाकायचं नाही. मंद जाळ, पाऊण तास. सोडा शेवटी टाकायचा, त्यावर लिंबू पिळायचं आणि मग थांबायचं नाही.

१४ एप्रिल

रबर काढायचं विसरलो. घरभर धूर. केक नाही, डांबर. शांतम्मा: "मामा, टायर जाळताव का?"

१७ एप्रिल

रबर काढलं, शिट्टी काढली. कुकर चुलीवर चढवला आणि ही आतून ओरडत आली, "पाणी घाला! फुटंल, पाणी घाला!" तांब्या घेऊन माझ्या अंगावर! महिन्यानं तोंड उघडलं ते मरणाच्या भीतीनं. मी म्हटलं, "यात पाणी घालत नसतात! तुला काय कळतंय?" "तुम्हाला लई कळतंय!" "मकसूदनं सांगितलंय!" "मग मकसूदच्या घरी फोडा कुकर!"

दोघंही दमलो. केक मधे कच्चा राहिला.

पण भांडलो. पूर्वीसारखं.

२४ एप्रिल

पाचवा केक. वर भेग पडली, पण फुगला. तिला नाही दिला. म्हणजे दिला असता, पण तिनं चुरमुऱ्यांची पुडी पुढं ओढली. मी एकट्यानं खाल्ला. अपचन.

जगदेवी जीप सांगून ठेवतेय म्हणे. पंधरा दिवस राहिले.

२ मे, सोमवार

आज ठरवलं. सगळं तिच्यासमोर. शेगडी ओसरीवर आणली. एकेक डबा तिच्यापुढं उघडून ठेवला — मैदा, गूळ, तेल, सोडा. तिनं प्रत्येकात बोट घालून वास घेतला. पोलीस तरी असा झाडा घेत नसतील! डबा, चमचा, पातेलं राखेनं तिच्यासमोर घासलं. शेंगदाणे तिच्यासमोर वाटले. पिळून पिळून हात कापायला लागले तेव्हा तिनं डाव्या हातानं फडक्याचं दुसरं टोक धरलं. न बोलता. दोघांनी पिळलं.

देठाचं दहीही लावलं. देठ मोजून तिनंच टाकले.

३ मे

दही लागलं. घट्ट नाही, पण लागलं! आंबील केली. तिनं वाटी घेतली. मी म्हटलं, "विचार की, विरजण कुठलं ते." म्हणाली, "मी टाकलंय, मला म्हाईत हाय." प्याली.

मग केक. शेवटचा तुकडासुद्धा बोटानं वेचून खाल्ला. म्हणाली, "गूळ कमी हाय."

गूळ कमी हाय! दीड महिन्यानं माझ्या हातचं खाल्लं आणि वर नाव ठेवलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. शांतम्मा म्हणाली, "मामा, का हसताव?" म्हटलं, तुझं काय जातंय!

७ मे

रोज खाते. काल ज्वारीच्या पिठाचा केक केला, तो विटेसारखा झाला, तरी खाल्ला. जगदेवीला फोन करून सांगितलं, जीप नको. ती म्हणाली, "आईला विचारते." विचार. विचारायचं काय त्यात? जिंकलो मी.

९ मे, सोमवार, बसवजयंती

जीप आली. मी म्हटलं, आता कशाला? घरात दुधाचा थेंब नाही. कातडं पुरलं. माझ्या हातचं खातेस. आता काय राहिलं?

ती सावकाश बोलली. शब्दानं शब्द लिहितो. "बहात्तरच्या दुष्काळात आपलं पोरगं मातीआड केलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या आईनं आडत्याचं लेकरू माझ्या मांडीवर आणून टाकलं. त्याच्या अंगात आपल्या पोराचं झबलं घातलं होतं, मला वास यावा म्हनून. मला पान्हा फुटला. तुम्ही दारात उभे होता."

त्या साली आडत्याकडून सहा महिने ज्वारी आली. भाकरी तीच थापायची. मी जेवायचो.

पिशवी मीच उचलून जीपमधे ठेवली.